बारशाआधीचं पान

पुणे,
१० जून २०२४

गुरुजी, नमस्कार.

मी सुमेधा. तुमच्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या शामकांत मास्तरांची मुलगी, चौथीत तुमच्या हातच्या छड्या खाल्लेली. परवा मी तुम्हाला फोन केला होता. तुम्ही "कोण? कोण?" करत राहिलात आणि शेवटी फोन ओंकारच्या हातात दिलात. तो म्हणाला, आबांना आता ऐकू येत नाही, समोरच्याचं तोंड दिसलं तरच कळतं, फोनवर काही उमगत नाही, तुम्ही पत्र टाका, लई खूश होतील. म्हणून किती वर्षांनी पोस्टात जाऊन पाकीट घेतलं. बाबा असते तर त्यांनी मला चिडवून सोडलं असतं.

काम असं आहे. मनाच्या आजारांवर काम करणाऱ्या एका संस्थेत मी आहे. परदेशातल्या तज्ज्ञांनी एक पुस्तिका तयार केली आहे. गावातल्याच काही बायकांना शिकवायचं, आणि ज्यांचं मन खचलंय त्यांच्या घरी जाऊन त्यांनी बोलायचं, ऐकायचं, इतकं साधं तिचं सूत्र आहे. बऱ्याच देशांत तिचा उपयोग झालाय. आता आपल्या नेवासे तालुक्यात सुरू करायचं ठरलंय. मराठी मी केलंय, आणि तिथेच गोची आहे. माझं मराठी आता इतकं पुणेरी झालंय, की सोनईतल्या बाईला ते बँकेच्या नोटिशीसारखं वाटेल.

तेव्हा ही पुस्तिका तुम्ही लाल पेन घेऊन तपासा. नुसती भाषा नको, रीतही बघा. तिकडे जे चालणार नाही ते बेलाशक खोडा. आमच्या परदेशातल्या मंडळींनीच सांगितलंय, की जिथली पुस्तिका तिथल्या माणसांच्या अंगाला बसली पाहिजे.

दुःखाच्या प्रकरणातलं शेवटचं पान मात्र नीट बघा. ज्या आईचं तान्हं बाळ गेलंय तिच्याशी कसं बोलावं, ते त्यात आहे. पहिलाच प्रश्न आहे, "तुमच्या बाळाचं नाव काय?" इंग्रजीत वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मराठीत तो कसा वाटतो ते तुम्ही सांगा.

काकूंना नमस्कार. ओंकारचं लग्न झाल्याचं कळलं होतं, सूनबाईंना माझी ओळख करून द्या.

तुमची,
सुमेधा


सोनई,
२४ जून २०२४

सुमेधा, पोरी, खुशाल राहा.

तुझं पत्र आलं आणि पोस्टमन दारातच म्हणाला, गुरुजी, आता पत्र फक्त कोर्टाचं नाहीतर तुमचं. अक्षर थेट शामकांतसारखं आहे, वेलांटीला तसाच झोका. लई बरं वाटलं.

पुस्तिका तपासून सोबत पाठवतो. लाल शाई जास्त दिसली तर वाईट वाटून घेऊ नकोस, चौथीतही तुझ्या वहीची हीच गत होती. उदास वाटलं तर मैत्रिणीला कॉफीला बोलवा, असं तुझे परदेशी लोक सांगतात. इथं ती बाई कॉफीला गेली तर परत आल्यावर तिला खरंच उदास वाटेल. मी लिहिलं, शेजारणीबरोबर धुणं घेऊन जावं. "नैराश्य" हा शब्द सगळीकडून काढला आणि "जीव लागत नाही" असं केलं. पेशंटला एकटं घेऊन बसावं असं जिथं जिथं होतं, तिथं "घरातलं मोठं माणूस समोर असावं" असं केलं. सुनेला आतल्या खोलीत घेऊन दार लोटून बसलं, तर गाव दुसऱ्या दिवशी काय बोलेल ते तुला पुण्यात कळायचं नाही.

आता ते शेवटचं पान. त्यावर मी आख्खी फुली मारली आहे. का, ते सांगतो.

मोठं माणूस गेलं तर आमच्याकडं दहा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. भावकी पिठलं-भाकरी घेऊन येते, बाया गळ्यात पडून रडतात, गेलेल्याच्या आठवणी काढतात. तुझ्या पुस्तिकेत जे शिकवायला निघालेत, ते आमच्या बाया पुस्तकाविना करतात. पण तान्ह्या लेकराचं तसं नसतं. त्याचा दुखवटा नाही, दहावं नाही, कोणी भेटायला येत नाही. बारसं झालं नसेल तर त्याला नावच नसतं, मग विचारणार काय?

उगाच पुस्तकी सांगत नाही. यंदा चैत्रात ओंकारच्या बायकोला, निकिताला, मुलगा झाला. बारशाच्या आधीच गेला. तुला कळवलं नाही, कारण हे कळवायचं नसतं. मी आणि ओंकार जाऊन त्याला मळ्याच्या बांधावर ठेवून आलो, आंघोळी केल्या, आणि दोन दिवसांनी ओंकार नगरजवळ नागापूरला कंपनीत कामावर गेला. त्यानंतर घरात तो विषय कोणी काढला नाही. आईपुढं काढायचा नसतो, पुढच्या लेकराला अडतं, असं जुन्या बाया म्हणतात. मी सगळंच मानतो असं नाही. पण धरलेली खपली नखानं काढू नये, एवढं मला कळतं. निकिता आता कामाला लागली आहे, सगळं सुरळीत आहे.

ते पान काढून टाक. तुझी पुस्तिका आमच्या अंगाला बसायला हवी ना?

तुझा,
सहादेव गुरुजी


पुणे,
२ जुलै २०२४

गुरुजी,

तुमचं पत्र ऑफिसात उघडलं आणि पुढचं काम बाजूला ठेवून बसून राहिले. तुमच्या नातवाचं वाचून फार वाईट वाटलं. कळवायचं नसतं म्हणता, पण मला कळलंय आणि मला वाईट वाटलंय, ते मी सांगणार. निकिताला मी पाहिलेलं नाही. ती जेवते का नीट? झोप लागते का? कोणाजवळ तरी बोलते का?

तुमच्या दुरुस्त्या वाचून आम्ही सगळे पोट धरून हसलो. कॉफीची जागा धुण्यानं घेतली हे आता आमच्याकडे म्हणीसारखं झालंय.

त्या पानाबद्दल मी थोडं भांडणार होते. माझ्या मनात असं होतं, की दुखवटा नाही, कोणी येत नाही, म्हणूनच त्या आईला कोणीतरी विचारायला हवं. हे सगळं लिहून काढलं आणि मग खोडलं. मी सोनई सोडली तेव्हा दहा वर्षांची होते. तुम्ही त्या मातीतले. तुम्हीच फुली मारलीत, तर पुण्यात बसून ती पुसणारी मी कोण? पान काढलं आहे. पुस्तिका छापायला जातेय.

एक विनंती. तुमच्या गावच्या रेश्मानं आमच्याकडे शिकून घेतलंय. तिला एकदा निकिताशी बोलू द्या.

सुमेधा


सोनई,
१९ जुलै २०२४

सुमेधा,

आधी रागावून घेतो. दुखवट्याचं पत्र लिहिलंस, ते मी तुझ्या काकूला, चांगुणेला, वाचून दाखवायला गेलो, तर ती चुलीपुढून उठून गोठ्यात गेली. बारशाआधीच्या लेकराचं असं लिहायचं नसतं, बाई. असो. शहरात राहून माणूस हळवं होतं.

तुझ्या सांगण्यावरून रेश्माला पहिल्यांदा आमच्याच घरी बोलावलं. गावानं बघू दे, की मास्तरनं सुरुवात आपल्या उंबऱ्यापासून केली. ही रेश्मा वेशीजवळ शिलाईचं दुकान चालवते, बोलायला गोड आहे. ओसरीवर सतरंजी टाकली, एका बाजूला रेश्मा, एका बाजूला निकिता, आणि मोठं माणूस म्हणून समोर खुर्चीवर मी. मला दोघींची तोंडं दिसतील अशी खुर्ची लावून घेतली होती. चांगुणा दाराआड तांदूळ निवडत होती.

काय सांगू, अगदी पुस्तिकेबरहुकूम झालं. रेश्मानं विचारलं, जेवण जातं का? निकिता म्हणाली, व्हय. झोप? लागते. कामात जीव लागतो का? लागतो. एकदाही नजर वर केली नाही, पदर ढळला नाही. आपण जिथून ते पान काढलं, तिथं रेश्मा जरा अडखळली. तिला शिकवताना ते पान होतं वाटतं. निकिताच्या तोंडाकडं बघत राहिली, काहीतरी विचारणार असं मला दिसलं. मी खाकरलो. मग ती पुढच्या प्रश्नावर गेली.

नंतर निकितानं चहा केला. साखर घालायची राहून गेली होती. आम्ही तिघांनीही तसाच पिला, कोणी बोललं नाही. आमचं घर समजूतदार आहे.

तू विचारतेस म्हणून सांगतो, एकच गोष्ट मला खटकली. ती मधूनमधून मळ्याच्या बांधावर जाऊन बसते. जिथं त्याला ठेवलं होतं तिथंच. खुरपायला जाते म्हणून सांगते आणि खुरपं बाजूला पडलेलं असतं. मी तिला एकदाच शांतपणे सांगितलं, की त्या बाजूला साप-विंचू फार आहेत, जायचं नाही. ती व्हय म्हणाली. गुणाची पोर आहे.

आता गावात रेश्मा घरोघर जाते. मास्तरच्या घरी झालं म्हटल्यावर कोणी नाही म्हणत नाही. चांगलं काम उभं राहतंय, शामकांत असता तर त्याला अभिमान वाटला असता.

सहादेव गुरुजी


पुणे,
२३ ऑगस्ट २०२४

गुरुजी,

उत्तराला उशीर झाला. परदेशातली मंडळी आली होती, आठवडाभर बैठका चालल्या. तुमचं नाव तिथे किती वेळा निघालं, सांगता सोय नाही. पडद्यावर त्यांनी दोन चित्रं शेजारी शेजारी दाखवली. एकीकडे मूळ पान, दुसरीकडे त्यावरची तुमची लाल फुली. त्यांच्या मुख्य बाई म्हणाल्या, स्थानिक रीतीचा आदर म्हणजे काय ते इथून शिकावं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

घरी आल्यावर तुमचं मागचं पत्र पुन्हा काढून वाचलं. गुरुजी, रेश्मा बसली होती त्या सगळ्या वेळात निकितानं व्हय आणि लागते याखेरीज एक तरी वाक्य उच्चारलं का? मला तुमच्या पत्रात सापडलं नाही.

मी रेश्माला फोन केला. ती म्हणाली, ताई, गुरुजी समोर हुते. एवढंच.

रागावू नका. पण निकिताला एकदा नगरला मनाच्या डॉक्टरकडे न्याल का? मी ओळखीच्या डॉक्टरांना सांगून ठेवते, वाटलं तर स्वतः येते. निदान रेश्माला तिच्याशी एकटीला बोलू द्या. आणि तिला बांधावर बसू द्या, गुरुजी. ती तिथे का जाते ते तुम्हाला माहीत आहे.

सुमेधा


सोनई,
११ सप्टेंबर २०२४

सुमेधा,

पत्र पोचलं. टाळ्यांबद्दल आभार.

माझ्या घरातलं माझ्या परस्पर रेश्माला विचारलंस हे मला रुचलं नाही. तुला पोरगी समजून घरातलं लिहिलं होतं. सुनेला मनाच्या डॉक्टरकडं नेलं, तर उद्या तिच्या माहेरी, घोडेगावला, बाजारात बातमी पोचेल की सोनईकरांनी पोरीला वेडी ठरवली. मग तिचे भाऊ आमच्या दारात.

इकडं कांद्याची रोपं टाकलीत, माणूस मिळत नाही. निकिता कामाला वाघीण आहे. बोलते कमी. मी चांगुणेला म्हटलं, कमी बोलणारी सून मिळायला नशीब लागतं. ती हसली नाही. तिचंही हल्ली काही कळत नाही.

डोळे दुखतात म्हणून थांबतो.

सहादेव


नगर,
२० ऑक्टोबर २०२४

सुमेधा,

हे दवाखान्याच्या व्हरांड्यातून लिहितो आहे. कागद बाजूच्या दुकानातून घेतला.

निकितानं विहीर जवळ केली. शेजारच्या वावरात दगडाबाई आणि तिची सून कापूस वेचत होत्या, त्यांनी बघितलं आणि आरडाओरडा करून माणसं गोळा केली. दोर सोडून वर काढली. जिवाचा धोका टळला असं डॉक्टर म्हणतात. पण ती भिंतीकडं तोंड करून पडून असते. माझ्याकडं बघत नाही, ओंकारकडंही नाही. तिची आई घोडेगावहून आली आहे, ती उशाशी बसून केसांवरून हात फिरवते. तेवढंच ती चालू देते.

ओंकार व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला होता. मी त्याला म्हटलं, अरे तुला काही बोलली होती का? तो म्हणाला, बोलली होती. एकदा तो सुट्टीवर आला असताना ती म्हणाली होती, की तिनं बाळाचं नाव ठेवलंय. त्यानं तिला मधेच थांबवलं. आबांनी सांगितलंय, तो विषय नको, असं म्हणाला. पोरगा हे सांगताना लहान मुलासारखा रडला. मी त्याला जवळ घ्यायला हवं होतं, पण माझे हात उचलले गेले नाहीत.

आणि मग चांगुणा बोलली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती माझ्यापुढं अशी कधी बोलली नव्हती. तुला सांगितलं नव्हतं, कारण खरं म्हणजे माझ्याही मनातून ते गेलं होतं. ओंकारच्या आधी आम्हाला एक मुलगी झाली होती. तीही बारशाआधीच गेली. चांगुणा माझ्यासमोर बसली, मला तिचं तोंड नीट दिसावं म्हणून माझी हनुवटी धरून आपल्याकडं वळवली आणि म्हणाली, "शेवंता. म्या तिचं नाव शेवंता ठेवलं हुतं. रोज दिवा लावताना घेते. तुमी कवा इचारलं न्हाई."

आमच्याकडं नाव ठेवत नाहीत, असं मी तुला लेखी कळवलं होतं. माझ्या घरात ते रोज घेतलं जात होतं.

आता मला एक आशा वाटते आहे. निकिता बरी होऊन माहेरी गेली की मी जातो आणि तिला विचारतो. तुझ्या त्या पानात होतं तसं. तिला तेच हवं होतं ना? विचारलं की ती बोलेल, रडेल, मोकळी होईल, आणि मी तिला घरी घेऊन येईन. तुला काय वाटतं, ते लगेच कळव.

सहादेव


पुणे,
५ नोव्हेंबर २०२४

गुरुजी,

तुमचं पत्र दिवाळीच्या गर्दीत अडकून आज हातात पडलं. मी लगेच लिहायला बसले आहे, हे तुम्हाला वेळेत मिळो.

निकिता वाचली. आधी तेवढंच मनात घट्ट धरून ठेवू या. डॉक्टरांची औषधं आणि भेटी एकही चुकू देऊ नका, तिला बरं वाटायला लागलं तरी. मी त्या डॉक्टरांशी बोलले आहे, ते लक्ष ठेवतील.

तुम्ही तिच्याकडे जायचं म्हणता. गुरुजी, घाई करू नका. कागद नेऊ नका, प्रश्न नेऊ नका. ते पान बाहेरच्या कोणीतरी हळूच विचारायचं म्हणून लिहिलेलं होतं. तुम्ही बाहेरचे नाही. तुमच्याच शब्दानं त्या घरात तो विषय बंद झाला होता, तेव्हा तुम्ही विचारलंत तर ती सांगेलच असं नाही, आणि तिनं सांगायलाच पाहिजे असंही नाही. काकूंना जाऊ द्या. त्यांना काय बोलायचं ते कोणी शिकवायला नको. तुम्ही गेलात तर नुसते बसा, आणि ती तुमच्यावर रागावली तर रागावू द्या.

माझंही सांगते. मला ते पान हवं होतं. पण तुम्ही "आमच्याकडं" म्हणालात आणि मी गप्प बसले. आमच्याकडं म्हणजे कोणाकडं, हे मी विचारलंच नाही. काकू त्याच घरात होत्या, त्यांना मी चार ओळी लिहिल्या नाहीत. निकिता होती, तिलाही नाही. तुमच्या लाल पेनावर विसंबून राहिले, कारण ते सोपं होतं, आणि वर टाळ्या मिळाल्या. आता झोप लागत नाही.

ते पान परत घातलं आहे. मोठ्या माणसाला समोर बसवायची सूचनाही काढली. परदेशातल्या बाईंना कळवलं, की ती फुली दाखवू नका. त्यांनी कारण विचारलं. इंग्रजीत लिहायला बसले आणि मला एक वाक्य धड जमेना.

सुमेधा


सोनई,
२८ नोव्हेंबर २०२४

सुमेधा,

तुझं पत्र मी घोडेगावहून परत आलो तेव्हा दाराच्या फटीतून आत पडलेलं होतं. तिथंच उभ्यानं वाचलं. आता काय घडलं ते सांगतो, तुला सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

मी आणि चांगुणा गेलो होतो. निकिताच्या आईनं अंगणात बाज टाकून दिली. पाणी दिलं, चहा दिला, बोलली मात्र नाही. थोड्या वेळानं निकिता बाहेर आली. अंगावर मांस राहिलेलं नाही. मला बघून डोक्यावर पदर घेतला, सवयीनं, आणि माझ्यासमोर खाली बसली.

मी जन्मभर पोरांना प्रश्न विचारले. तरी आपलं चुकायला नको म्हणून मी प्रश्न चिठ्ठीवर लिहून नेला होता. तुझ्याच भाषांतरातला. ती चिठ्ठी खिशातून काढली, चष्मा लावला आणि वाचला. तुमच्या बाळाचं नाव काय? सुनेला मी तुमच्या म्हणालो बघ. जसं होतं तसं वाचलं.

तिनं मान वर केली. लग्न होऊन आल्यापासून तिनं माझ्याकडं सरळ बघितलं ते पहिल्यांदा. मला ओठांवरून कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून बोलली. "आबा, तुमी कागदावरचं इचारताय. रेश्माताई इचारणार हुत्या, तवा म्या सांगणार हुते. तुमी खाकरला. आता त्ये नाव माझ्या एकटीचं हाय."

मी म्हटलं, पोरी, माझी चूक झाली. ती म्हणाली, व्हय. तिच्या तोंडून हा शब्द मी शंभरदा ऐकला असेल, पण त्याचा अर्थ त्या दिवशी कळला.

नंतर चांगुणा उठली आणि तिच्याजवळ जाऊन बसली. काही विचारलं नाही. आपल्याच शेवंताचं सांगायला लागली. पोरगी कशी होती, जावळ किती दाट होतं, पान्हा दाटला तेव्हा सासूनं छातीला फडकं कसं घट्ट बांधलं. मला निम्मं दिसत होतं, निम्मं नाही. माझ्या लेकीला जावळ होतं, हे मला त्या अंगणात कळलं. दोघी एकमेकींना धरून रडल्या. दुखवट्याला आलेल्या बाया रडतात तसं मोठ्यानं रडल्या असणार, कारण शेजारपाजारचे लोक कुडावरून डोकावायला लागले. मग निकितानं माझ्याकडं पाठ केली आणि चांगुणेच्या कानाशी तोंड नेलं.

मी बाजेवर बसून होतो. आपण उठून जावं की बसावं हे कळत नव्हतं.

परत येताना टमटममध्ये मी चांगुणेला विचारलं, तिनं सांगितलं का? म्हणाली, सांगितलं. मी म्हटलं, काय? तिनं तोंड बाहेरच्या उसाकडं केलं. मग माझ्याकडं तोंड वळवून, मला दिसेल असं म्हणाली, "तुमाला सांगू नका म्हनली."

ओंकारनं नागापूरला खोली घेतली आहे. पुढच्या महिन्यात निकिता तिथं राहायला जाईल, दवाखाना जवळ पडतो म्हणून. आमच्या घरी ती येणार नाही, असं कोणी बोललेलं नाही, पण ठरल्यासारखंच आहे. ओंकार तिच्यापाशी रोज बसतो. नाव त्यालाही सांगितलेलं नाही. तू विचार असंही त्याला मी म्हणत नाही, ती सांगेल तेव्हा सांगेल. तिनं औषधं घ्यावीत आणि जगावं, एवढंच मी मागतो.

यापुढं तुझी पुस्तिका माझ्याकडं तपासायला पाठवू नकोस. पाठवायचीच तर चांगुणेला पाठव. तिला वाचता येत नाही, रेश्मा वाचून दाखवेल, आणि मी त्या वेळी घराबाहेर जाऊन बसेन.

मळ्याच्या बांधावरची ती जागा मी साफ केली. तिथं दगड ठेवावा, काही लिहावं असं वाटलं होतं. मग लक्षात आलं, की लिहायचं काय ते मला माहीत नाही. ऊस तोडणीला आला आहे, तिथं गाडी घालू नका एवढं मजुरांना सांगून ठेवलं.

चांगुणा सांजेला दिवा लावते तेव्हा माझ्याकडं तिची पाठ असते. आता दोघांचीही नावं घेते, असं तिनं मला सांगितलं. मी मागं उभा राहून हात जोडतो. त्यातलं मला एकच नाव माहीत आहे.

तुझा,
सहादेव